सोडून दिली म्हणजे सुटली का?

‘घोरपडीला जीवदान.’

हे शीर्षक तुम्ही वर्षातून चार-पाच वेळा तरी वाचता. खाली फोटो असतो. दोन-तीन जण उकिडवे बसलेले, एकाच्या हातात घोरपडीची मान, दुसऱ्याच्या हातात शेपूट, मागं सरकारी गाडी. शेवटची ओळ ठरलेली : ‘तिला नैसर्गिक अधिवासात सुरक्षितपणे सोडण्यात आले.’ आपण लाईक करतो, ‘ग्रेट वर्क’ लिहितो आणि पुढच्या पोस्टवर जातो.

विहिरीत पडलेली किंवा स्वयंपाकघरात शिरलेली धडधाकट घोरपड असेल तर हे शीर्षक बरोबर आहे. उचलली, बाहेर सोडली, विषय संपला. माझं भांडण दुसऱ्या घोरपडीबद्दल आहे. ती कुणीतरी पिल्लू असताना हौसेनं धरून आणलेली असते. वर्षभर पिंपात, खुराड्यात नाहीतर कमरेला दोरी बांधून ठेवलेली असते. हौस फिटली की तिच्याकडं कुणी बघत नाही, आणि ती आजारी पडते. तिलाही आपण त्याच शीर्षकाखाली, त्याच माळावर, त्याच दिवशी सोडून देतो. ह्याला जीवदान म्हणत नाहीत. आधी ज्यानं पाळली त्यानं टाकली, नंतर आपण सगळ्यांनी मिळून टाकली. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी फोटो काढला.

नळदुर्गच्या माणसाला घोरपड काय असते ते सांगायला नको. किल्ल्याची तटबंदी, बोरी नदीचा काठ, जुन्या विहिरींचे बांध, माळावरची वारुळं, सगळीकडं ती आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला गर्दी लोटते, पाणीमहालासमोर सेल्फी निघतात, पण बुरुजाच्या फटीत ऊन खात पडलेलं हे जनावर पाहुण्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतं. आणि आपल्यातल्याच काहींना ते दिसलं की हात शिवशिवतात.

घोरपड धरायची कारणं जुनी आहेत. कुणाला मटण पाहिजे, कुणाला गुडघेदुखीवर तेल पाहिजे. खंजिरीसारख्या वाद्यांना तिचं कातडं चढवायचे. ‘हाथाजोडी’ नावाची जी मुळी धनलाभासाठी तिजोरीत ठेवायला विकली जाते, ती मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननांग असतं. हे २०१७ साली तपासातून जाहीर झालं, छापे पडले, तरी गिऱ्हाईक आहेच. आता ह्यात नवं कारण आलंय : पाळायला. मोबाईलवर कुणीतरी खांद्यावर घोरपड घेऊन चालताना दिसतो, खाली हजारो बदाम पडतात, आणि आपल्याकडचा पोरगा वारूळ उकरायला निघतो. वर यशवंतीच्या गोष्टीचा आधार आहेच. ‘तानाजी मालुसऱ्यांनी नाही का पाळली होती?’ ती गोष्ट इतिहासाला धरून आहे की नाही हा वाद अभ्यासकांनी करावा. मला एवढंच कळतं, की त्या गोष्टीत घोरपड कडा चढते. तुमच्या पिंपातली घोरपड चार पायांवर उभी राहू शकत नाही.

ती उभी का राहू शकत नाही, हे नीट समजून घ्या. सगळी गोम तिथंच आहे.

घोरपड थंड रक्ताची. तिच्या अंगात स्वतःची भट्टी नाही. सकाळी उन्हात अंग तापवल्याशिवाय ती धड पळत नाही, आणि खाल्लेलं पचवतही नाही. सावलीतल्या पिंपात ठेवून तिला मांस घातलं, तर ते पोटात पचण्याऐवजी कुजतं. उन्हाचं दुसरंही काम आहे. त्यातल्या अतिनील किरणांनी कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्याच्या जोरावर कॅल्शियम हाडात जातं. रानातली घोरपड किडे, भुंगे, खेकडे, उंदीर, अंडी, मेलेली जनावरं असं सगळं खाते. उंदीर खाल्ला तर हाडासकट खाते. पाळणारा तिला काय घालतो? बिनहाडाच्या चिकनचे तुकडे, कलेजी, आणि प्रेमाचा कहर म्हणजे वाटीभर दूध. त्या मांसात कॅल्शियम नावाला, आणि दूध सरपटणाऱ्या प्राण्याला पचतच नाही. मग शरीर स्वतःच्याच हाडातलं कॅल्शियम ओढायला लागतं. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात, पाठीचा कणा वेडावाकडा होतो. पुढं उडी मारली तरी हाड मोडतं.

पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं जातात, सांध्यात आणि आतल्या अवयवांत युरिक अॅसिडचे खडे साचतात. हवेत ओलावा नसला की कात अर्धवट निघते, बोटांवर तिची कडी अडकून राहतात, रक्त थांबतं आणि बोटं झडतात. पत्र्यावर, जाळीवर सतत तोंड घासून नाकपुड्या सोलतात, तोंडात पू होतो. काखेत, कानाच्या भोकात गोचिड्या भरतात. आणि शेपूट, जिच्यात तिची चरबीची शिल्लक असते, ती दोरीसारखी बारीक होते.

म्हणजे बघा, ज्या धाराशिव जिल्ह्यात ऊन सोडून दुसरं काही फुकट मिळत नाही, त्या जिल्ह्यात एक जनावर ऊन न मिळाल्यामुळं हाडं मऊ होऊन मरतं.

आता कायदा बघू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. घोरपड त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. नुसती धरली तरी कायद्याच्या भाषेत ती शिकार. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार. एवढा कडक कायदा आहे, आणि तो असलाच पाहिजे. तो सैल करा असं मी म्हणणार नाही, आणि ‘आम्ही प्रेमानं पाळली होती’ म्हणणाऱ्यांची वकिलीही करणार नाही. ज्या प्रेमात जबडा मऊ पडतो ते प्रेम तुमच्या घरी ठेवा.

पण हा कायदा घोरपड धरायच्या क्षणाबद्दल बोलतो. धरल्यानंतर ती आजारी पडली, तर तिचं काय? तिथं शांतता आहे. उपाशी ठेवणं, पाणी न देणं, कोंडून ठेवणं ह्यासाठी १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा रुपये ते पन्नास रुपये. चहाचं बिल जास्त होतं.

वन्यजीव कायद्यातच कलम ३९ आहे. बेकायदा धरलेला किंवा पाळलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता, आणि असा प्राणी ज्याच्या ताब्यात येईल त्यानं ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवून तो सोपवायचा. चांगली तरतूद आहे. पण तिचा दुसरा अर्थ कुणी मोठ्यानं वाचत नाही. प्राणी सरकारचा असेल, तर त्याचं आजारपणही सरकारचं. माझी म्हैस आजारी पडली आणि मी तिला माळावर सोडून आलो, तर तुम्ही मला काय म्हणाल? मग सरकारी मालकीची आजारी घोरपड माळावर सोडली, की तिला ‘नैसर्गिक अधिवास’ कसं म्हणता?

प्रत्यक्षात काय होतं ते मी बघितलंय. साप-घोरपडीचे फोन घेणाऱ्यांपैकी मी एक. आपल्या भागातल्या एका गावातून फोन आला (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही) की एका घरात घोरपड आहे, खात नाही, बघा. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात होती. वरून जाळी. तळाला दूध आंबल्याचा वास. पुढचे दोन्ही पाय कोपरात वाकलेले, खालचा जबडा बोटानं दाबला तर आत जायचा. जीभ बाहेर काढायची, पण अर्धवट. तिला पाळणारा तरुण रडकुंडीला आला होता. महिनाभर त्याला कळत होतं की ही आजारी आहे. महिनाभर तो कुणालाच बोलला नाही, कारण बोललं की आत जावं लागेल हे त्याला माहीत होतं.

आम्ही कायद्यानं सांगितलेल्या ठिकाणी कळवलं. पलीकडून उत्तर आलं, ‘सोडून द्या की ओ माळावर, कशाला राडा वाढवताव.’ एका जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘आमचं काम गाय-म्हैस, शेळी-मेंढीचं. ह्याला हात लावला आन् मेलं, तर केस माझ्यावर हुईल.’ मी त्यांना दोष देत नाही. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही, आणि लेखी आदेशाशिवाय पहिल्या अनुसूचीतल्या जनावराला सुई टोचायची भीती खरी आहे. दुसऱ्या दिवशी ती रीतसर ताब्यात घेतली गेली. तिसऱ्या दिवशी सोडली. फोटो आला. पुढं तिचं काय झालं ते कुणी बघितलं नाही.

जी चालू शकत नाही, चावू शकत नाही, बिळात शिरू शकत नाही, तिला माळावर ठेवणं म्हणजे कुत्र्यांपुढं ताट वाढणं. त्यांच्यातून वाचली तर सोलापूर-हैदराबाद हायवे आहेच. वर तिच्या अंगावरच्या गोचिड्या आणि पोटातला रोग त्या माळावरच्या निरोगी घोरपडींना फुकट.

आता ह्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट आठवा. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरकडून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ येडशी-रामलिंग अभयारण्यात आला. कॅमेरे लागले, बाहेरून पथकं आली, डॉक्टर आले, रोजच्या बातम्या आल्या. ते योग्यच होतं, माणसांचा आणि जनावरांच्या जिवाचा प्रश्न होता. पण अनुसूची तीच आहे हो! एका रांगेतल्या एका प्राण्यासाठी पथक, आणि दुसऱ्यासाठी एक पिंजरा, एक बल्ब, एक डॉक्टर नाही? कायदा कागदावर दोघांना एका पंगतीत बसवतो. वाढताना मात्र घोरपडीचं पान कोरडं.

आणखी एक गंमत बघा. शहरात लोक लाखभर रुपये मोजून परदेशी सरडे, इग्वाना, अजगर पाळतात. त्यांच्यासाठी केंद्र सरकारनं जून २०२० मध्ये योजना काढली : सहा महिन्यांच्या आत स्वतःहून जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही. पुढं २०२२ च्या दुरुस्तीत त्यांच्या नोंदणीची कलमं आली, २०२४ मध्ये नियम आले, ऑनलाईन पोर्टल आलं. प्राणी स्वेच्छेनं सरकारला परत करायची सोय कलम ४२-अ मध्ये आहे, पण ती मालकीचं प्रमाणपत्र असणाऱ्यांना. म्हणजे विमानातून आलेल्या सरड्याला पोर्टल आहे, आणि बोरीकाठच्या आजारी घोरपडीला सुखरूप सोपवायचा साधा दरवाजा नाही.

इथं लगेच एक आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे : ‘आणून देणाऱ्याला माफी दिली तर उद्या प्रत्येक जण धरेल, पाळेल, आणि आजारी पडली की आणून टाकेल.’ बरोबर. म्हणूनच मी माफी मागत नाही. मी क्रम मागतोय. आधी उपचार, मग चौकशी.

हा क्रम आपल्या देशानं माणसांच्या बाबतीत भांडून मिळवलाय. पूर्वी अपघातातला जखमी दवाखान्यात नेला, की डॉक्टर म्हणायचे आधी पोलीस आणा, ही मेडिको-लीगल केस आहे. रस्त्यावरचा माणूस जखमीला हात लावायला घाबरायचा, कारण उचलणाराच अडकायचा. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जीव वाचवणं पहिलं, कागद नंतर. २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयानं बंधनकारक केली, २०१९ मध्ये ती मोटार वाहन कायद्यात आली. त्यामुळं लोकांनी मुद्दाम अपघात करायला सुरुवात केली का? नाही. ज्यानं धडक दिली त्याच्यावरचा गुन्हा माफ झाला का? तोही नाही. एवढंच झालं की जखमी आधी दवाखान्यात पोचायला लागला. आपल्या हायवेवर राहणाऱ्यांना हे मी समजावून सांगायची गरज नाही.

घोरपडीबाबत एवढंच करायचंय. जो स्वतःहून आणून देतो, त्याचा जबाब घ्या, नोंद करा, पिल्लं विकणारा माणूस कोण ते विचारा. स्वतःहून आला हे न्यायालयापुढं त्याच्या बाजूनं मांडा. जो लपवून मारतो, त्याच्यावर मात्र कायद्याचा पूर्ण हात उचला. आज उलटं आहे. जो सांगतो तो अडकतो, आणि जो रात्री पिंप उपडं करून ओढ्यात टाकतो तो सुटतो. ह्या व्यवस्थेत शहाणा माणूस काय करेल, तुम्हीच सांगा.

दुसरा आक्षेप तर कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेतो. ‘इथं माणसाला दवाखाना नाही, रात्री काही झालं की सोलापूर गाठावं लागतं, आणि तुम्ही घोरपडीचं काय घेऊन बसलात?’

भाऊ, तुमचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण घोरपडीचा उपचार थांबवून त्या पैशानं नळदुर्गात माणसांचा डॉक्टर आलाय, असं कधी झालंय का? ‘आधी माणसं’ म्हणणाऱ्यांच्या हातात कारभार असताना ना माणसाचं झालं, ना म्हशीचं, ना घोरपडीचं. आणि घोरपड काही शोभेची वस्तू नाही. उंदीर खाते, किडे खाते, मेलेलं जनावर साफ करते. शेतकऱ्याकडून पगार न घेता शेतात राबणारी ती गडी आहे.

शिवाय खर्च तरी किती? मी काही पुण्यासारखं मोठं केंद्र मागत नाहीये. तिथं बावधनला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे, नागपुरात आहे, आणि ते चांगलं काम करतात. पण इथून पुणं जवळजवळ तीनशे किलोमीटर. आजारी जनावर पोत्यात घालून तेवढं न्यायचं म्हणजे अर्धं मरण वाटेतच. आपल्याला लागतं ते असं :

एक. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात वन्यप्राण्यांसाठी एक खोली. ऊब देणारा बल्ब, अतिनील किरणांची नळी, वजनकाटा, थर्मामीटर, दोन मोठे पिंजरे. कुठल्याही उद्घाटनाच्या मंडपापेक्षा स्वस्त.

दोन. जिल्ह्यातल्या निदान दोन-तीन सरकारी पशुवैद्यकांना सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रशिक्षण. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीला आहे. डॉक्टर हुशार आहेत, त्यांना आठ दिवस शिकवा. गायीचा डोस घोरपडीला चालत नाही, अंग गार असताना औषध लागू पडत नाही, इंजेक्शन शक्यतो शरीराच्या पुढच्या भागात द्यायचं, असल्या गोष्टी शिकवून येतात.

तीन. वनविभागाचा लेखी आदेश, की ताब्यात घेतलेला प्राणी पशुवैद्यकाच्या ‘सोडण्यास योग्य’ ह्या दाखल्याशिवाय सोडायचा नाही, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरला जनावर दगावल्याबद्दल जबाबदार धरायचं नाही. ह्याला एक पैसाही लागत नाही. फक्त सही लागते.

चार. जी कधीच सोडण्याजोगी होणार नाही, तिचं काय करायचं ते ठरवा. काही आयुष्यभर निगराणीत राहतील, काहींना वेदनेतून सोडवावं लागेल. अवघड निर्णय आहे, पण तो डॉक्टरनं घ्यावा. माळावरच्या कुत्र्यांवर ढकलू नये.

आणि आता तुमच्या-माझ्या हातातलं. कुणाच्या घरी अशी घोरपड असेल तर १९२६ ह्या वनविभागाच्या टोल-फ्री नंबरवर कळवा. गाडी येईपर्यंत डॉक्टरकी करू नका. दूध नको, हळद-तेल नको, तोंडाला चिकटपट्टी नको, कमरेला दोरी नको. गार पडलेल्या जनावराला जबरदस्तीनं खाऊ घालू नका. आधी ऊब, मग पाणी, खाणं सगळ्यात शेवटी. भोकं पाडलेल्या खोक्यात, शांत, उबदार जागी ठेवा. भर उन्हात झाकून ठेवू नका, पत्र्याखालचं खोकं म्हणजे भट्टी होते. रील काढू नका. घेऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी परत फोन करा आणि विचारा : कोणत्या डॉक्टरांनी तपासली? काय निघालं? नोंद कुठं आहे?

हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नोंद मागणारा एक जरी माणूस असला, की ‘सोडून द्या माळावर’ म्हणणं अवघड होतं.

ह्यापुढं ‘घोरपडीला जीवदान’ असा फोटो दिसला, तर ‘ग्रेट वर्क’ लिहिण्याआधी कमेंटमध्ये एकच ओळ टाका : तपासली होती का? कुणाचा अपमान करायचा नाही, वाद घालायचा नाही, नुसतं विचारायचं. पन्नास जणांनी पन्नास फोटोंखाली विचारलं, की एकावन्नाव्या फोटोत पशुवैद्यक दिसेल.

पोस्ट पटली तर शेअर करा. नाही पटली तर कमेंटमध्ये भांडा, मी उत्तर देतो. पण ज्यांच्या घरी परसात पिंप आहे आणि वर जाळी आहे, त्यांनी भांडत बसू नये. आधी फोन लावावा.